लेकराच्या हृदयाच्या ऑपरेशनला निघण्याआधी

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काळजाला भोक निघालं, तारीख मिळाली, की घरात पहिली चर्चा बॅगेची. बॅग राहू दे, आधी लेकराचे दात बघा. किडका दात असेल तर लगेच दाखवा, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात. दातांच्या डॉक्टरांना हृदयाचं आधीच सांगा. हात लावण्याआधी काही मुलांना औषध द्यावं लागतं.

मग सर्दी-ताप. नाक वाहत असेल तर लपवू नका, भूल देताना श्वासाचा त्रास होतो. तारीख पुढं गेली तर जाऊ दे. तोवर जत्रा, बारशी, लग्नं बंद.

ऑपरेशन बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात असो की बेंगळूरच्या जयदेव हृदयरोग हॉस्पिटलात, कागदांची फाईल एकच ठेवा: सगळे इको रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, लसीचं कार्ड, जन्मदाखला, आधार, बीपीएल रेशन कार्ड. नावं जुळवून बघा. आपल्याकडं आधारवर एक स्पेलिंग आणि कन्नडातल्या कार्डावर भलतंच, हे नेहमीचंच. अंगणवाडीच्या तपासणीत आजार सापडला असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाचं रेफरल पत्र सोडू नका. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मोफत उपचारांची महात्मा फुले योजना कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, पण त्या भरवशावर थेट कोल्हापूर गाठू नका. आधी तिथल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करा.

रक्त द्यायला रक्तगट माहीत असलेली दोन-तीन तरणी पोरं सांगून ठेवा. ती उपाशीपोटी यायला नकोत.

उपाशी राहायचंय ते लेकरानं. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध भुलीच्या सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ शेवटची. पहाटे आजी हळूच एक बिस्किट देतेच, म्हणून हे तिलाच आधी सांगा. निळं पडणारं मूल मात्र फार वेळ तहानलेलं ठेवू नये, त्याचा नंबर कितवा ते विचारून घ्या. वाटेत ते अचानक जास्त निळं पडलं तर गुडघे छातीशी दुमडून धरा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा.

कपडे पुढून उघडणारे घ्या, बंदाची झबली सगळ्यात बरी. काखेत हात घालून उचलायची सवय आतापासूनच मोडा: एक हात मानेखाली, एक बुडाखाली. छाती उघडून ऑपरेशन झालं तर हाड जुळायला सहाएक आठवडे लागतात. आजोबांनाही शिकवा, तेच जास्त उचलतात.