ग्रॅम्प्सचं मॅन्युअल नव्या आवृत्तीला जुळवून घेताना

वंशावळीच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल शिळं होतं ते बहुधा सांध्यांवर. ‘विवाहाची नोंद कशी करावी’ हा मजकूर दहा वर्षं जसाच्या तसा चालतो. मोडतात ते दुवे, मेनूंची नावं, फोल्डरचे पत्ते आणि ‘हेल्प’ बटणाची उडी. म्हणून नवी आवृत्ती आली की सगळी पानं पहिल्यापासून वाचत बसू नये. काय बदललं याची यादी आधी हाताशी घ्यावी आणि तिच्या मागे जावं. हे ग्रॅम्प्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या उदाहरणाने पाहू. त्याचं मॅन्युअल मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) आहे, स्वयंसेवक ते लिहितात आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी पानांचा वेगळा संच असतो: 5.1चा वेगळा, 5.2चा वेगळा, 6.0चा वेगळा.

बदलांची यादी कुठून काढायची

‘नवीन काय’ हे पान आणि सोर्सकोडातली ‘न्यूज’ फाइल सगळेच बघतात. पण त्यात मोठे बदल असतात. एखाद्या बटणावरचा शब्द बदलला हे तिथे कोणी लिहीत नाही. त्यासाठी भाषांतराची पॉट फाइल घ्या. पडद्यावर दिसणारं भाषांतरयोग्य वाक्य न् वाक्य तिच्यात असतं. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या पॉट फायलींची तुलना केली की कोणते शब्द गेले, कोणते आले, हे समोर येतं. तुलनेआधी ओळ क्रमांकांच्या टिपा काढून टाका, नाहीतर फरकांचा डोंगर उभा राहतो आणि त्यातले बहुतेक फरक निरुपयोगी असतात. मग गेलेला प्रत्येक शब्द मॅन्युअलमध्ये शोधा. सापडला तिथे दुरुस्ती.

फोल्डरचे पत्ते मात्र या यादीत येत नाहीत. 5.1पर्यंत लिनक्सवर वंशावळींचा डेटा घर-फोल्डरातल्या ‘ग्रॅम्प्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात असे, 5.2पासून डेटा आणि सेटिंग्ज यांच्या जागा वेगळ्या झाल्या. पडद्यावर याचं काहीच दिसत नाही. ‘बॅकअपसाठी अमुक फोल्डर कॉपी करा’ असं जुनं वाक्य राहिलं, तर वाचणारा निमूटपणे जुनाच डेटा कॉपी करत राहील. डेटा जाण्याची शक्यता असलेली पानं म्हणून सगळ्यात आधी हातात घ्यावीत: बॅकअप, आयात-निर्यात, वंशावळींचं व्यवस्थापन आणि आवृत्ती-बदल. 6.0मध्ये आतल्या नोंदी साठवायची पद्धत बदलून जेसन (डेटा साध्या मजकुरात मांडायची रचना) स्वरूपात आली. जुनी वंशावळ नव्या आवृत्तीत उघडली की ती बदलून घेतली जाते आणि मग जुन्या आवृत्तीत परत जाता येत नाही. ही सूचना पानाच्या तळाशी टीप म्हणून चालत नाही. कृतीच्या पहिल्या पायरीच्या आधी, चौकटीत हवी.

पानं हलवू नका, नक्कल करा

नव्या आवृत्तीचा संच करताना मीडियाविकीचं ‘स्थानांतरण’ वापरण्याचा मोह होतो, कारण त्यात पानाचा इतिहास सोबत जातो. पण जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांचं हेल्प बटण जुन्याच नावाच्या पानावर जातं. पान हलवलं की पुनर्निर्देशनामुळे ते लोक नव्या आवृत्तीच्या सूचनांवर पोचतात आणि नसलेला मेनू शोधत बसतात. म्हणून मजकूर नव्या नावाच्या पानावर नकलून घ्या आणि बदलाच्या सारांशात मूळ पानाचं नाव लिहा. आधीच्या लेखकांचं श्रेय त्यामुळे शोधता येतं, आणि परवान्याच्या दृष्टीनेही ते लागतं.

नकलेनंतर आवृत्तीचा आकडा चार जागी बदलावा लागतो: वरच्या सूचीपट्टीतली मागची-पुढची पानं, तीच पट्टी पुन्हा तळाशी, मजकुरातले दुवे आणि शेवटचा वर्ग (पानाची कॅटेगरी). तळाची पट्टी हमखास राहते. मग वाचक 6.0च्या पानावरून ‘पुढे’ दाबतो आणि नकळत 5.2मध्ये शिरतो. काम झाल्यावर जुन्या संचाच्या पानांवर ‘येथे काय जोडले आहे’ उघडा. त्या यादीत नव्या संचाचं एकही पान दिसता कामा नये.

इथे ‘शोधा आणि बदला’ डोळे मिटून चालवू नका. ‘ही सोय 5.2पासून उपलब्ध आहे’ या वाक्यातला आकडाही बदलून 6.0 होतो आणि खरं वाक्य खोटं होतं. फक्त दुव्याच्या कंसातला, अधोरेखांनी जोडलेला पूर्ण पाननाम-मजकूर बदला. सुटा आकडा कधीच नाही.

हेल्प बटणाची उडी

ग्रॅम्प्सच्या खिडक्यांतलं हेल्प बटण मॅन्युअलच्या नुसत्या पानावर नाही, बहुधा पानातल्या ठरावीक शीर्षकावर उडी मारतं. पानाचं आणि विभागाचं नाव प्रोग्रॅमच्या कोडात लिहिलेलं असतं. विकीवर कोणी सद्‌हेतूने शीर्षक सुधारलं, एखादं अक्षर लहान-मोठं केलं किंवा प्रश्नचिन्ह जोडलं, की उडी चुकते. चूक दाखवणारा संदेश कुठेच येत नाही. वाचक पानाच्या अगदी वर येऊन पडतो आणि त्याला वाटतं, मॅन्युअलमध्ये उत्तरच नाही. एकाच पानावर एकाच नावाची दोन शीर्षकं असतील तर दुसऱ्याच्या आयडीला (उडी ज्यावर लागते त्या आतल्या नावाला) आपोआप आकडा चिकटतो; तीही एक खोच.

शीर्षक बदलणं भागच असेल, तर जुन्या नावाचा आयडी असलेला रिकामा स्पॅन टॅग (पानावर न दिसणारी एचटीएमएल खूण) नव्या शीर्षकाच्या लगेच वर ठेवा. मगच कोड बदलण्यासाठी प्रकल्पाच्या तक्रार-नोंदवहीत लिहा. कोड पुढच्या आवृत्तीत बदलेल. जुन्या प्रतींतलं बटण मात्र जुनंच नाव मागत राहील.

दुसऱ्या भाषेतल्या मॅन्युअलला हाच धोका दुप्पट असतो, कारण विभागाचं नाव पीओ फाइलमधून (पॉट फाइलमधल्या वाक्यांची त्या भाषेतली भाषांतरं असलेल्या फाइलमधून) येतं. पीओ फाइलमधला शब्द आणि विकीवरचं शीर्षक अक्षरशः एक हवं. मराठीत तर डोळ्यांना एक दिसणारं अक्षर संगणकाला एक असेलच असं नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आहे, आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ म्हणजे दोन चिन्हं. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने लिहिलेली उडी दुसऱ्यावर लागत नाही. मजकुरात घुसलेला अदृश्य जोडक किंवा विलगक (अक्षरं जोडणारं किंवा सुटी ठेवणारं न दिसणारं चिन्ह) हाही तसाच. यावर उपाय एकच: शीर्षक पुन्हा टाइप करू नका, पीओ फाइलमधून उचलून चिकटवा.

तपासणीला आडवाट नाही. प्रत्येक खिडकी उघडायची, हेल्प दाबायचं आणि ब्राउझर कुठे थांबला ते तक्त्यात लिहायचं.

चित्रं आणि तपासणीची वंशावळ

स्क्रीनशॉटसाठी स्वतःच्या घरची वंशावळ कधीही वापरू नका. हयात माणसांच्या जन्मतारखा कायमच्या जालावर जातात. ग्रॅम्प्सच्या सोर्सकोडाबरोबर नमुना वंशावळ मिळते, 2000हून जास्त व्यक्तींची. तीच आयात करा, म्हणजे सगळ्या पानांवर तीच माणसं दिसतात. चित्र पीएनजीमध्ये, नेहमीच्या थीममध्ये, खिडकी लहान करून घ्या. फाइलच्या नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा द्या आणि जुन्या चित्रावर नवं चढवू नका, नाहीतर जुन्या संचातलं पानही बदलतं. पडद्यावर काही बदललं नसेल, तर जुनं चित्र खुशाल राहू द्या. केवळ नवेपणासाठी 200 चित्रं पुन्हा काढण्यात अर्थ नाही.

दोन आवृत्त्या एकाच संगणकावर चालवायच्या, तर ग्रॅम्प्सहोम हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (डेटाचा फोल्डर कोणता हे प्रोग्रॅमला सांगणारी संगणकाची सेटिंग) नव्या आवृत्तीसाठी वेगळ्या फोल्डरकडे वळवा. असं न करता नवी आवृत्ती उघडली, तर तपासणीच्या नादात खरी वंशावळ बदलून बसते.

कुलमंडळाची मराठी पुस्तिका

कुलवृत्तांताचं काम ग्रॅम्प्सवर करणाऱ्या मंडळाने मूळ मॅन्युअलचं भाषांतर सांभाळत बसू नये. ते ओझं दोन आवृत्त्यांत मान टाकतं. पुस्तिकेत फक्त स्वतःचे संकेत लिहा आणि बाकीसाठी मूळ पानाचा दुवा द्या. वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात, आडनावाचा प्रकार ‘वारसा’ की ‘पितृनाम’, लग्नाआधीचं नाव कुठे, हे संकेत आवृत्तीबरोबर फारसे बदलत नाहीत.

तारखांचं तेवढं नीट लिहून ठेवा. ग्रॅम्प्समध्ये ज्यू, इस्लामी, पर्शियन अशी कॅलेंडरं आहेत. शके आणि तिथी नाहीत. तीर्थोपाध्यायांच्या वहीतली ‘शके 1807, कार्तिक’ अशी नोंद तशीच तारखेच्या रकान्यात टाकली तर ती निव्वळ मजकूर ठरते. तिच्यावरून वय निघत नाही, क्रमही लागत नाही. त्यापेक्षा तारखेच्या खिडकीत 1885 टाका, दर्जा ‘गणित केलेली’ निवडा आणि मूळ शब्द टिप्पणीच्या रकान्यात लिहा. पौष-माघाच्या नोंदीत इसवी सन पुढचा येऊ शकतो, म्हणून शकात सरसकट 78 मिळवा असं पुस्तिकेत लिहू नका. माघ-फाल्गुनाला 79, मार्गशीर्षाच्या अखेरीला आणि पौषाला तिथी पाहून.

पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर आवृत्ती आणि शेवटची तपासणी केल्याची तारीख असू द्या, आणि मंडळात सगळ्यांनी कोणती आवृत्ती वापरायची हे पहिल्याच पानावर. पुण्यातल्या स्वयंसेवकाने 6.0मधून काढलेली ग्रॅम्प्स एक्सएमएल फाइल न्यू जर्सीतल्या नातेवाइकाचं 5.2 आयात करत नाही; फाइल नव्या आवृत्तीची असल्याचं सांगून थांबतं. म्हणून बदलाची एक तारीख ठरवा, त्याआधी सगळ्यांच्या ताज्या नोंदी एका संगणकावर गोळा करा, बॅकअप घ्या, आणि पुस्तिकेची नवी प्रत त्याच दिवशी पाठवा.