पदकतक्त्याच्या तळाशी असलेल्या देशाचा अभ्यास कसा करावा

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती आणि मालदीव या संपूर्ण देशाची लोकसंख्या आजही साधारण तेवढीच आहे. उद्या आपल्या एकट्या शहराला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्यासमोर पथक उतरवावे लागले, तर किती खेळांत खेळाडू उभे करता येतील, याचा अंदाज वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. शाळेच्या प्रकल्पासाठी, तालमीतल्या फलकासाठी किंवा केवळ आवडीपोटी छोट्या देशाची नोंद ठेवू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी, असे मला वाटते.

प्रथम एकच देश निवडून तो कोणकोणत्या विभागीय स्पर्धांत खेळतो, हे पाहावे. मालदीव १९८४ साली काठमांडूला भरलेल्या पहिल्या दक्षिण आशियाई स्पर्धेपासून सहभागी आहे. त्याखेरीज १९७९ साली रियुनियन बेटावर सुरू झालेल्या हिंदी महासागरातील बेटांच्या क्रीडा स्पर्धेतही तो मॉरिशस, सेशेल्स यांच्याबरोबर उतरतो. या दोन्हींची पाने वेगळी ठेवावीत, कारण मादागास्करचा अपवाद सोडला तर दुसऱ्या स्पर्धेतले प्रतिस्पर्धी पुष्कळसे त्याच्याच मापाचे आहेत.

पदकतक्ता वाचताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी. क्रम लावताना आधी सुवर्णपदके मोजतात, आणि एवढ्याने चित्र किती बदलते हे २०१९ च्या काठमांडू स्पर्धेत दिसते: भूतानने विसाच्या आसपास पदके मिळवली, पण त्यांत सुवर्ण नव्हते, मालदीवची पदके जेमतेम पाच, परंतु हसन साईद याने पुरुषांची १०० मीटर शर्यत जिंकल्यामुळे मालदीव भूतानच्या वर गेला. म्हणून वहीत सुवर्णांची आणि एकूण पदकांची अशी दोन्ही क्रमवारी लिहावी.

त्याहून खोल अडचण खेळांच्या मोजणीत आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या आपल्या वाचकांना ती चटकन कळेल. वीस-बावीस खेळाडूंचा संघ घडवून, महिनाभर सराव करून फुटबॉल जिंकले, तरी तक्त्यात एकच सुवर्ण चढते. जलतरणात मात्र एकच गुणी खेळाडू तीन-चार पदके घेऊन जातो. मालदीवने दक्षिण आशियाई फुटबॉल अजिंक्यपद २००८ आणि २०१८ अशा दोन्ही वेळा अंतिम सामन्यात भारताला हरवून जिंकले आहे, पण हे कर्तृत्व बहुक्रीडा स्पर्धेच्या तक्त्यातून कोणालाही उमगणार नाही. तेव्हा देशाचा मुख्य खेळ कोणता, हे वेगळ्या रकान्यात लिहावे. तसे लिहितानाही जपावे, कारण भूतानचा राष्ट्रीय खेळ धनुर्विद्या असला आणि १९८४ पासून २००८ पर्यंत ऑलिम्पिकला त्याने फक्त तिरंदाजच पाठवले असले, तरी तिथला पारंपरिक नेम सुमारे १४० मीटरवरचा असतो, तर ऑलिम्पिकमधला ७० मीटरवरचा.

पुढचे रकाने पथकातील खेळाडूंची संख्या, त्यांतील महिला, खेळांची संख्या आणि मोडलेले राष्ट्रीय विक्रम यांचे असावेत. यांपैकी शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो: प्राथमिक फेरीत पाचवा येऊन बाद झालेला धावपटू स्वतःच्या देशाचा विक्रम मोडून गेला असेल, तर त्या देशाच्या क्रीडाइतिहासात तो दिवस मोठाच असतो आणि आपल्या वहीतही तो मोठा दिसला पाहिजे.

यजमानपदाची नोंद विसरू नये. नेपाळला २०१६ साली गुवाहाटी-शिलाँगला तीनच सुवर्णपदके मिळाली होती, तर २०१९ साली स्वतःच्या भूमीवर एक्कावन्न मिळाली. घरच्या स्पर्धेत पथक मोठे उतरवता येते, प्रवासाचा खर्च वाचतो आणि खेळांची यादी ठरवतानाही यजमानाचा शब्द चालतो; त्यामुळे अशा वर्षाभोवती चौकट आखावी आणि प्रगती मोजताना ते वर्ष बाजूला ठेवून बाकीच्या वर्षांची एकमेकांशी तुलना करावी.

आकडे मात्र पेन्सिलीने लिहावेत. उत्तेजक चाचणीत कोणी दोषी ठरल्यास स्पर्धेनंतर कित्येक महिन्यांनीही पदके काढून घेतली जातात आणि ती पुढच्या खेळाडूकडे जातात, म्हणून वर्षभराने तोच तक्ता पुन्हा तपासावा आणि त्यानंतरच शाईने पक्का करावा.