७.६२ आणि ५.५६: काडतुसांची तुलना कशी करावी

सैन्यांनी रायफलची गोळी बारीक का केली? मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि संवेगाचा धडा आला की हा प्रश्न मुलांपुढे हटकून ठेवतो. उत्तर पाठ करू नका, स्वतः मांडून बघा.

कागदावर दोन काडतुसं लिहा: ७.६२×५१ आणि ५.५६×४५. पहिला आकडा गोळीचा ढोबळ व्यास, दुसरा पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळीची, लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नुसता व्यास बघितला तर फसगत होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ७.९२ चा व्यास तसाच ठेवून पुंगळी ५७ वरून ३३ मिमीवर आणली. स्टुर्मगेव्हेर ४४ ही रायफल त्याच काडतुसावर चालली. म्हणजे आधी कमी केली ती पुंगळीतली दारू. व्यास नंतर उतरला.

आता वजन. पहिलं काडतूस सुमारे २४ ग्रॅम, दुसरं १२. १० किलोत किती बसतात? चारशेच्या आसपास, आणि आठशेच्या आसपास. सगळा दारूगोळा अंगावर वाहणाऱ्या पायदळाच्या दृष्टीने हा भागाकार म्हणजे अर्धं उत्तर.

मग धक्का. ७.६२ ची ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने सुटते, ५.५६ ची ४ ग्रॅमची साधारण ९४० ने. वस्तुमान गुणिले वेग करा: ८ आणि ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. रायफल तेवढ्याच संवेगाने खांद्यावर येते. जळालेल्या दारूच्या वायूचा वाटा त्यात आणखी मिळवायचा, आणि मोठ्या काडतुसात तोही जास्त. ७.६२ ची अमेरिकी एम१४ सलग गोळीबारात आवरत नसे, त्याचं कारण याच गुणाकारात आहे.

अंतर तपासल्याशिवाय मात्र निष्कर्ष काढू नका. नॉर्मन हिचमन यांच्या १९५२ च्या अमेरिकी अहवालानुसार रायफलचा परिणामकारक वापर बहुतांशी ३०० यार्डांच्या आतच होत होता. तेवढ्या पल्ल्यात हलकी, वेगवान गोळी जवळजवळ सरळ जाते, नेम धरणं सोपं होतं. दूरचा मारा करणाऱ्या मशीनगनसाठी आणि स्नायपरसाठी ७.६२ टिकून राहिली, ती याच हिशेबाने.

‘शत्रू फक्त जखमी व्हावा म्हणून लहान गोळी’ हे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. १९५७ मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या रायफलसाठी घातलेल्या अटींत ५०० यार्डांवर पोलादी हेल्मेट भेदण्याची अट होती. नुसतं जखमी करायचं असतं तर ती कशाला घातली असती?

सरावासाठी ६.८×५१ घ्या. चिलखती जाकिटं भेदता यावीत म्हणून अमेरिकेने २०२२ मध्ये हे काडतूस निवडलं. ताकद वाढली, तसं वजनही वाढलं: ५.५६ च्या अमेरिकी एम४ रायफलबरोबर सैनिक २१० गोळ्या नेतो, ६.८ च्या नव्या रायफलबरोबर १४०.