घरच्या कामाच्या टेबलावर बिजागरीची गाईड रेल बसवताना

प्लायवूडचे तुकडे सर्क्युलर सॉने, म्हणजे गोल पात्याच्या हातातल्या विजेच्या करवतीने, कापताना मशीन सरळ चालावी म्हणून दर वेळी पट्टी मोजून शिकंज्याने आवळणे हे वेळखाऊ काम आहे आणि शिकंजा आवळताना पट्टी हमखास किंचित सरकते. त्याऐवजी मागच्या कडेला बिजागरीवर जोडलेली, वर उचलून खाली माल सरकवता येईल अशी रेल टेबलावर कायमची बसवली, तर खूण रेलच्या कडेखाली आणून थेट कापता येते. मात्र बिजागरी रेल उचलण्यापुरतीच असते. बाजारात मिळणाऱ्या साध्या बिजागरीला आडवा खेळ असतोच, त्यामुळे रेलचे पुढचे टोक दर वेळी नेमक्या त्याच जागी बसेल अशी सोय केली नाही, तर कितीही महागडी बिजागरी आणून उपयोग नाही.

600 मिमी रुंदीपर्यंतच्या फळ्या कापायच्या असतील, तर रेल सुमारे 1000 मिमी लांब धरावी, म्हणजे कापापूर्वी मशीन टेकवायला आणि काप संपल्यावर बाहेर काढायला दोन्हीकडे साधारण 200 मिमी जागा मिळते. 12 मिमी प्लायचा तळ घेऊन त्यावर त्याच प्लायची, कारखान्यातून आलेली सरळ कड असलेली 50 मिमी रुंद पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवावी. तळ सुरुवातीला मुद्दाम रुंद ठेवावा. पट्टीला मशीनची बेसप्लेट (मशीन ज्यावर सरकते ती सपाट पत्र्याची बैठक) टेकवून एकदा टोकापासून टोकापर्यंत कापले की तळाची जी कड तयार होते, तीच पुढे कापाची रेषा ठरते; मात्र पाते किंवा मशीन बदलले की ही कड पुन्हा तपासावी लागते. 7 इंची मशीनमध्ये तळाच्या जाडीमुळे कमी होणारी 12 मिमी खोली सहज परवडते. फरशी कापायच्या 4 इंची कटरने लाकूड कापण्याचा मोह मात्र टाळावा, कारण खोलीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्याला लाकडाच्या कामासाठी लागणारे, आपोआप मिटणारे खालचे गार्ड, म्हणजे पाते झाकणारे कवच, नसते.

टेबलाच्या मागच्या बाजूला रेलच्या तळाइतक्याच, म्हणजे 12 मिमी जाडीचा एक गुटका ठेवून बिजागरीचे एक पान त्यावर आणि दुसरे रेलच्या तळावर, दोन्ही वरच्या बाजूने बसवावे. गुटका टेबलातून खालून वर आलेल्या दोन लांब बोल्टांवर वायसर आणि विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) लावून आवळावा. जो माल कापायचा, त्याच्याच जाडीचा उरलेला तुकडा, बोल्टांसाठी भोके पाडून, गुटक्याखाली सरकवला की रेल मालावर सपाट बसते. उंची बदलण्यासाठी स्क्रूच्या यंत्रणा करणारे पुष्कळ आहेत, पण या तुकड्यांइतकी खात्रीची युक्ती दुसरी नाही.

आता पुढचे टोक. तेथे टेबलातून डोके कापलेला 8 मिमी बोल्ट उभा करावा आणि रेलच्या तळाला त्यावर बसणारे भोक पाडावे. हे भोक रेलच्या लांबीच्या दिशेने एक-दोन मिमी लांबट असावे, कारण रेल कमानीत खाली येते, पण आडव्या दिशेने ते बोल्टाला घट्ट बसले पाहिजे. पातळ माल कापताना बोल्टाचे टोक रेलच्या वर डोकावते, म्हणून तो पात्याच्या विरुद्ध बाजूला, मशीनची मोटर जिथपर्यंत येते त्याच्याही बाहेर घ्यावा.

फळीची कड टेकवण्याची आडपट्टी बिजागरीच्या पुढे 200 मिमी सोडून, रेलच्या तळाच्या अलीकडेच संपेल अशी लावावी. तिचे एक टोक एका बोल्टावर फिरते ठेवावे आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोक द्यावे. आडपट्टीची रेषा आणि रेलची कड जिथे मिळतात तिथून एकीवर 300 आणि दुसरीवर 400 मिमीच्या खुणा घेऊन त्यांमधील तिरके अंतर 500 मिमी आले की आडपट्टी ढोबळमानाने गुण्यात, म्हणजे रेलशी काटकोनात आली. खरी परीक्षा पुढे आहे: दोन्ही कडा समांतर असलेली एक रुंद फळी कापून, दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून त्यांपैकी एक उलटा करावा आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. फट दिसली, तर ती चुकीच्या दुप्पट असते. तिच्या निम्म्याच हिशेबाने आडपट्टी हलवावी आणि मग नट कसावा.

पाते मालाच्या जाडीपेक्षा फार तर एक सूत (सुमारे 3 मिमी) जास्त उतरवावे आणि त्याच्या वाटेत टेबलात एकही स्क्रू राहू देऊ नये. सनमायका लावलेल्या फळीची चांगली बाजू खाली ठेवावी, कारण पात्याचे दात खालून वर येतात आणि चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात. पावसाळ्यात प्लायच्या कडा दमट हवेने फुगतात. म्हणून तळाच्या कापलेल्या कडेवर पातळ वार्निशचे दोन हात आधीच द्यावेत आणि उलट्या तुकड्याची परीक्षा पहिल्या पावसानंतर पुन्हा घ्यावी. रेल उभी उचलल्यावर मागे उलटू नये म्हणून साखळी लावावी, आणि पाते पूर्ण थांबल्याशिवाय रेलला हात लावू नये.