पोलिश कॅथलिक वाचकासाठी ख्रिस्ती संज्ञांचा अनुवाद: या चुका टाळा

पोलिश भाषेत ख्रिस्ती धर्मशास्त्राला शब्दांची वाण नाही. अडचण नेमकी उलटी आहे. कॅथलिक घरात वाढलेल्या वाचकाने हे सगळे शब्द लहानपणीच प्रार्थनेत आणि कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याच्या वेळी ऐकलेले असतात. अनुवादकाला काहीही म्हणायचे असो, त्याच्या कानावर आधी तो जुनाच अर्थ पडतो.

सर्वांत जास्त घोळ ‘पोकुता’वर होतो. मूळ ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. 1632 च्या प्रोटेस्टंट ग्दान्स्क बायबलमध्ये येशू ‘पोकुता करा’ म्हणतो. पण कन्फेशननंतर फादर जे प्रायश्चित्त सांगतात, तेही ‘पोकुता’च. त्यामुळे मन पालटण्याची हाक वाचकाला ठरावीक प्रार्थना म्हणून टाकण्याची सूचना वाटते. 1975 च्या वॉर्सा बायबलने ‘भानावर येणे’ या अर्थाचा ‘उपाम्येंतान्ये’ हा शब्द घेतला. तो कॅथलिक कानाला परका, प्रोटेस्टंट वळणाचा लागतो. 1965 च्या कॅथलिक ‘सहस्रक बायबल’मध्ये ‘वळा’ या अर्थाचे ‘नाव्रात्सायच्ये श्ये’ आहे. मला तेच योग्य वाटते. मात्र त्याच धातूचे ‘नाव्रुत्सेन्ये’ हे नाम एकटे सोडू नका, नाहीतर लेखक पंथ बदलायला सांगतो आहे असा संशय येतो. ‘देवाकडे’ हा शब्द सोबत हवाच.

दुसरा अवघड शब्द ‘उस्प्राव्येद्लिव्येन्ये’, म्हणजे देवासमोर नीतिमान ठरणे. रोजच्या पोलिशमध्ये मुलाच्या गैरहजेरीबद्दल पालक शाळेला जी चिठ्ठी देतात, तिलाही हेच म्हणतात. म्हणून काही जण हा शब्द टाळून सोपा पर्याय शोधतात. ही चूक करू नका: कॅथलिक आणि लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) यांच्या याच विषयावरच्या 1999 च्या संयुक्त घोषणेच्या पोलिश पाठातही हाच शब्द आहे. खरी काळजी पुढेच घ्यायची आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये या संज्ञेत पापक्षमेबरोबर माणसाचे आतून नवे होणेही धरले. लुथरन लेखक मात्र माणसाला नीतिमान ठरवण्याच्या देवाच्या निर्णयावर भर देतो. मूळ लेखक यातले काय म्हणतो आहे, ते पुढच्या वाक्याने उघड केले पाहिजे. नाहीतर अनुवादक नकळत एका बाजूचा वकील होतो.

‘श्फ्येंती’, म्हणजे संत. पौलाच्या पत्रांत हा शब्द सगळ्याच विश्वासूंसाठी येतो. वाचकाला मात्र वेदीवरचे पुतळे आठवतात. स्थानिक मंडळीला सरसकट ‘झ्बुर’ म्हणू नका, त्यातून प्रोटेस्टंट सभाच डोळ्यांपुढे येते. आपल्याकडेही ‘पाळक’ हा प्रोटेस्टंट वळणाचा शब्द म्हटला की वसईच्या कॅथलिक माणसाला आपले फादर आठवत नाहीत, तसेच हे. येशूच्या आईला ‘मारिया’ म्हणतात आणि येशूची शिष्या मग्दालेना हिला ‘मार्या’. एका स्वराचा फरक, पण तो चुकला तर श्रद्धाळू वाचक दुखावतो. ‘निष्कलंक गर्भधारणा’ही येशूच्या कुमारी-जन्माशी जोडू नका. 1854 चा तो सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेबद्दल आहे: ती मूळ पापापासून मुक्त होती.

मजकूर झाला की कॅथलिक घरातल्या, पण धर्मशास्त्र न शिकलेल्या पोलिश माणसाला एक परिच्छेद वाचायला द्या. ‘समजला का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. ‘पाप झाले की भरपाई करायची’ असे तो म्हणाला, तर त्या परिच्छेदात कुठेतरी ‘पोकुता’ अजून तशीच शिल्लक आहे.