निवड यादीत नाव नाही? 'का' विचारू नका, कागद मागा

असिस्टंट प्रोफेसरची मुलाखत झाली, यादी लागली, आपलं नाव नाही, आणि कँटीनमधे सगळे म्हणतात अरे ते आधीच ठरलेलं. असेलही, नसेलही. कागद बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून माहिती अधिकार. अनुदानित कॉलेजलाही लागू आहे बरं का.

माझी चूक आधी सांगतो. मी अर्जात लिहिलं 'माझी निवड का झाली नाही?' महिन्याने उत्तर आलं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. राग आला पण ते बरोबर होतं, २००५ च्या कायद्यात रेकॉर्डवर आहे तेवढंच मिळतं, कारणं लिहून द्यायला ते बांधील नाहीत. त्यामुळे कागदाचं नाव घालून मागा: छाननीचा गुणतक्ता, निवड समितीचं इतिवृत्त, मुलाखतीचे गुण, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ते दाखवणारा तक्ता). आणि झेरॉक्ससोबत 'मूळ फाइलची पाहणी' पण मागा, हे बरेच जण विसरतात. माझ्या मित्राला मुलाखतीलाच बोलावलं नव्हतं, फाइल बघायला गेलो तर अनुभवाच्या रकान्यात चक्क शून्य आणि त्याचं प्रमाणपत्र दुसऱ्याच कागदाच्या मागे स्टेपल केलेलं! कट वगैरे काही नाही, नुसता गलथानपणा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत छाननीच्या गुणांसाठी विद्यापीठाला तक्ता ३ए, कॉलेजला ३बी. पीएचडीला विद्यापीठात ३० गुण, कॉलेजात २५, अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. पण त्या नियमांप्रमाणे हे गुण फक्त मुलाखतीला बोलवण्यापुरते, म्हणून नुसतं 'माझा स्कोअर जास्त होता' म्हणून भांडून उपयोग नाही, आपल्या जाहिरातीत कुठला जीआर दिलाय तो आधी वाचा.

दुसऱ्यांचे गुण मागितले की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो. पुण्यातल्या कोर्टाच्या क्लार्क भरतीत मुंबई हायकोर्टाने २०२४ मधे इतर उमेदवारांचे गुण द्यायला सांगितले होते, तो निकाल जोडा. मात्र नंतर डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं ८(१)(ञ) हे कलम कडक झालंय, म्हणून कलम ८(२) खाली जनहित कसं ते दोन ओळीत लिहाच. पॅनलवर कोणी किती गुण दिले हे नावानिशी मागू नका, सुप्रीम कोर्टाने २०१२ मधेच मुलाखत घेणाऱ्यांची नावं द्यायला नकार दिलाय.

बाकी सोपं आहे. जोडपत्र अ (माहिती अधिकार अर्जाचा नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आवक विभागात पोच घेतल्याशिवाय हलू नका, 'साहेब जेवायला गेलेत' म्हणाले तर बसून राहा. ३० दिवसात उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसात राज्य माहिती आयोगाकडे, तिथे मात्र तारीख लागायला खूप वेळ जातो.

कॅसचं (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, नोकरीतल्या प्राध्यापकांची बढती योजना) प्रमोशन अडकलं असेल तर अजून सोपं, फाइल तुमचीच असते, वैयक्तिक माहितीचं कारण चालत नाही. छाननी समितीचा अहवाल आणि फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस होती ते टिपणीसकट मागा. माझ्या ओळखीतल्या एका मॅडमची फाइल अर्ज पडल्यावर आठवड्यात हलली, उत्तर यायच्या आधीच.