रेझ्युमेत तुमच्या हातचं काम दिसू द्या: मेकॅनिकलच्या फ्रेशर्ससाठी

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या खच्चून भरल्या आहेत आणि तिथे डिप्लोमा, बीई मेकॅनिकलच्या मुलामुलींची भरती जवळजवळ वर्षभर चालू असते. मी अशाच एका कंपनीत क्वालिटीला आहे. एचआरने चाळून दिलेले रेझ्युमे आमच्या टेबलावर येतात आणि कोणाला बोलवायचं हे आम्ही ठरवतो. बरीच वर्षं हे करताना एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. बार्शी, पैठण, चाळीसगावकडून आलेली ही मुलं कामाला पक्की असतात, पण त्यांनी खरोखर जे केलंय तेच रेझ्युमेत नसतं. कागदावर सगळी एकाच छापाची दिसतात.

कारण सरळ आहे. हॉस्टेलवर एका सिनियरची वर्ड फाइल फिरत असते. तीच उघडायची, नाव आणि टक्के बदलायचे, की झाला रेझ्युमे. वर ऑब्जेक्टिव्हचा परिच्छेद: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची व संस्थेची प्रगती साधायची आहे. मग हार्डवर्किंग, सिन्सियर, क्विक लर्नर. खाली वरील माहिती खरी असल्याचं डिक्लरेशन आणि सही. यातलं एकही वाक्य तुमच्याबद्दल नाही, म्हणून ते वाचलंही जात नाही.

कॉपी पकडली कशी जाते, तेही सांगतो. आजही काही फ्रेशर्सच्या रेझ्युमेत ‘टीएस १६९४९ची माहिती’ असं लिहिलेलं असतं. वाहन उद्योगाचं ते जुनं क्वालिटी स्टँडर्ड. २०१६ मध्ये त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं. म्हणजे ती ओळ कुठल्या तरी जुन्या बॅचच्या फाइलमधून चालत आली आहे, हे क्वालिटीतल्या माणसाला वाचताक्षणी कळतं. मग त्याच्या आजूबाजूच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून सिनियरचंच नाव राहिलेलं तर कित्येकदा दिसतं. म्हणून फाइल कोरी घ्या आणि पहिल्या ओळीपासून स्वतः लिहा.

लिहायचं काय? इथेच सगळे अडतात. ‘सर, आम्ही फ्रेशर, आमच्याकडे अनुभव कुठला?’ असं मुलं म्हणतात. मला हे पटत नाही. मध्यंतरी डिप्लोमा झालेली एक मुलगी इंटरव्ह्यूला आली होती. रेझ्युमेत फक्त ‘वर्कशॉप प्रॅक्टिसचं ज्ञान’ एवढंच. बोलता बोलता कळलं की वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि शेतीच्या मोनोब्लॉक पंपांची दुरुस्ती ती शाळेत असल्यापासून बघत आली आहे. पुलर लावून बेअरिंग कसं काढतात, शाफ्ट झिजला असेल तर लेथवाल्याला काय सांगायचं, सगळं तिने हातवारे करून समजावलं. मी विचारलं, ६२०५ बेअरिंगला शाफ्ट किती मिलिमीटरचा लागेल? ती लगेच म्हणाली, ‘पंचवीस. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच.’ कॉलेजात हे बहुतेकांनी शिकलेलं असतं, पण इतक्या सहज सांगणारे थोडे. आणि तिच्या रेझ्युमेत याचं नावही नव्हतं! ‘घरचं दुकान आहे, ते काय लिहायचं?’ असं तिला वाटलं होतं. लिहायचं. दुकानाचं गाव, कामाचा प्रकार, तुम्ही स्वतः काय करत होता, हे दोन ओळींत लिहायचंच. घरचं गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, ट्रॅक्टरची दुरुस्ती, हा सगळा अनुभवच आहे.

ट्रेनिंगचंही तेच. ‘अमुक कंपनीत इन-प्लांट ट्रेनिंग, सीएनसी व क्वालिटीचं ज्ञान’ या ओळीतून मला काहीच कळत नाही. तीच ओळ अशी लिहून बघा: ‘सीएनसी टर्निंग सेक्शनमध्ये शाफ्टची इन-प्रोसेस तपासणी. दर तासाला पाच नगांचा बाहेरचा व्यास ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने मोजून रीडिंग इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये भरली.’ मशीन कोणतं, पार्ट कोणता, मोजलं कशाने, नोंद कुठे केली, हे सगळं त्यात आलं. अशा दोनच ओळी असल्या तरी मी त्या मुलाला बोलावतो. इंग्रजी अलंकारिक नको. वाक्याची सुरुवात ‘चेक्ड’, ‘मेझर्ड’, ‘असेंबल्ड’ अशा साध्या क्रियापदाने करा, आणि जिथे नुसती मदत केली तिथे ‘असिस्टेड’च म्हणा. अ‍ॅप्रेंटिसशिप केली असेल तर ती ट्रेनिंगच्या कोपऱ्यात दडपू नका. वर, अनुभवात लिहा, महिन्यांसकट.

सॉफ्टवेअरची यादी हा दुसरा खड्डा. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, अ‍ॅन्सिस, सगळं एका ओळीत. त्यातलं एक जरी नीट येत असेल तर ते एकच लिहा आणि त्यात काय बनवलंत ते सांगा. ‘सॉलिडवर्क्समध्ये बेंच व्हाइसचे सर्व पार्ट, असेंब्ली आणि ड्रॉइंग’ ही ओळ पाच नावांपेक्षा भारी आहे. नावांपुढे तारे किंवा रंगीत पट्ट्या काढून ऐंशी टक्के येतं असं दाखवू नका. ऐंशी टक्के कॅटिया म्हणजे काय, हे कोणीच सांगू शकत नाही.

फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ग्रुपमध्ये चौघं-पाचजण असतात आणि प्रत्येकाच्या रेझ्युमेत तोच परिच्छेद असतो. ग्रुपचं काम एका ओळीत आटपा आणि पुढे तुमच्या वाट्याचं लिहा: फ्रेमचं वेल्डिंग, चेन-स्प्रॉकेटची निवड, खर्चाचा हिशोब, जे असेल ते. प्रोजेक्ट तयार विकत आणला असेल तर तो न लिहिलेला बरा. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मुलाचा चेहरा उतरतो, ते बघवत नाही.

केटी लागली होती (म्हणजे विषय राहिला होता), एक वर्ष गेलं, हे लपवण्यासाठी काहीजण सालंच गाळतात. सालं गाळली की आमचं लक्ष नेमकं तिथेच जातं. दहावी, डिप्लोमा, डिग्री, प्रत्येकापुढे उत्तीर्ण झाल्याचं साल आणि गुण लिहा. मध्ये वर्ष गेलं असेल आणि त्या काळात कुठे काम केलं असेल, तर ते अनुभवात येऊ द्या. टक्के वाढवून तर कधीच लिहू नका. जॉइनिंगच्या वेळी मार्कशीट बघतात आणि मिळालेली नोकरी हातची जाते.

नावाकडेही लक्ष द्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर वेगळा क्रम, ईमेलवर तिसरंच टोपणनाव. रेझ्युमेत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सरळ लिहा आणि स्पेलिंग मार्कशीटप्रमाणे ठेवा. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय (तुम्ही स्वतः तिथे काम केलं नसेल तर), लग्न झालंय की नाही, यातलं काही नको. आधार आणि पॅन क्रमांक तर अजिबात टाकू नका. तुमचा रेझ्युमे किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो याची तुम्हाला कल्पना नसते आणि त्या क्रमांकांचा गैरवापर होऊ शकतो.

मांडणीचं थोडक्यात. एक पान, पांढरा कागद, एकच कॉलम. दोन कॉलमची रंगीत टेम्प्लेट छान दिसतात, पण मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या साइट रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरने वाचतात, त्यात कॉलम आणि टेबलमधला मजकूर उलटसुलट होऊ शकतो. पीडीएफ करा, कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. फाइलला ‘न्यू रेझ्युमे फायनल’ऐवजी तुमचं नाव आणि ट्रेड द्या. दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. सिम बदललं म्हणून फोन लागला नाही आणि पुढच्या नावाला बोलावलं, असं आमच्याकडे वरचेवर होतं.

पाठवण्याआधी एक काम नक्की करा. प्रिंट काढा, मित्राला समोर बसवा आणि त्याला प्रत्येक ओळीवर ‘म्हणजे नेमकं काय केलंस?’ असं विचारायला लावा. उत्तर आधी मराठीत द्या. शॉप फ्लोअरवर आम्ही मराठी-हिंदीतच बोलतो आणि इंटरव्ह्यूतही अडलात तर मराठीत सांगितलेलं चालतं. ज्या ओळीवर तुम्हाला तीन-चार वाक्यं बोलता येत नाहीत, ती पेनने तिथल्या तिथे खोडा.